अडगळीच्या खोलीतला आवाज

"म्हणजे आता हिनं जाऊन बसायचं त्या खोलीत?" आत्या म्हणाली. "आईनं तिथं बसून जन्म काढला, आता लेकीनं काढायचा. वा! लोक पोरींना दागिने देतात, आपण स्टूल देतो."

"जन्म कुठला आत्या, शेवटची काही वर्षं फक्त," दादा म्हणाला.

"तुला काय ठाऊक कुठली वर्षं ते? तू तिकडं होतास."

बारकी चहा गाळत होती. तिचा वर्षाचा मुलगा गुंड्या तिचा गुडघा धरून उभा होता आणि मधूनच एक हात सोडून बघत होता, सोडला तर काय होतं ते. तिने डाव्या पायाने त्याला जरासा आधार दिला. बाहेरच्या खोलीत बाबा खिडकीशी बसले होते, खाली रस्त्याकडे बघत. तालमीत नट भांडायला लागले की ते असेच बसत. भांडण ओसरेपर्यंत मान वळवायची नाही आणि मग शांतपणे म्हणायचं, "झालं? आता हेच प्रवेशात आणा."



पण आज जे म्हणायचं ते त्यांनी कालच म्हणून टाकलं होतं, चहात साखर कमी आहे हे सांगावं तशा आवाजात. त्यांना आता पाठ राहत नव्हतं. गेली काही वर्षं राहत नव्हतं. समुद्रापलीकडच्या त्या बंदराच्या गावात आणि त्याच्या आधी आणखी एका खंडावर, डोंगराच्या कुशीतल्या उघड्या थिएटरात, ते हजारो डोळ्यांसमोर उभे असत आणि त्यांच्या कानातल्या इवल्याशा यंत्रात आई बोलत असे. इथून. या घरातून. अडगळीच्या खोलीत फोन लावून बसलेली. तिकडच्या लोकांना वाटे, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. बिचारे त्यांच्याशी ओरडून बोलत. बाबांचे कान तर असे तिखट की तिसऱ्या रांगेतल्या माणसाचा कंटाळा त्यांना ऐकू येई.

त्यांच्या नाटकांची ख्यातीच ही होती की प्रत्येक नटाने आपापल्या भाषेत बोलायचं. बाबा त्यांच्या, बाकीचे आपापल्या. लोकांना सगळं कळतं, ते म्हणत, फक्त अर्थाची घाई करू नका. आईला त्या परक्या भाषांमधला एक शब्द येत नव्हता, पण समोरच्या नटाचं वाक्य कुठल्या सुरावर खाली पडतं ते ती भाजी चिरता चिरता गुणगुणत असे. बारकीला वाटायचं, आई गाणी म्हणते.

आई गेल्यावर गुंड्यासाठी जुनी दुलई शोधायला म्हणून बारकीने ती खोली उघडली, तर सगळ्या दुलया भिंतींवर खिळ्यांनी ठोकलेल्या. मध्ये एक स्टूल, एक दिवा, फोन ठेवायला उलटी केलेली बरणी. आईचं डोकं फिरलं होतं की काय असं तिला क्षणभर वाटलं. खोलीत आवाज घुमू नये म्हणून तिने ते केलं होतं, हे बाबांनी सांगितलं तेव्हा कळलं.

आणि त्यापाठोपाठ त्यांनी मागणं घातलं होतं. नव्या मोसमाचा पहिला प्रयोग तेच जुनं नाटक, बाबांचं. "बारकी बसली तर जाईन. नाहीतर नाही." तिकडच्या थिएटरवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत बाबांचे दौरे सांभाळणाऱ्या दादाने हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं की बाबा पुन्हा रंग लावणार. नाही म्हटलं की संपलं. त्यांच्या वयाच्या नटाला कुणी पुढच्या मोसमाचं विचारत नाही.

"मला विचारलंय का कुणी?" बारकी चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"तुलाच तर विचारतोय," दादा म्हणाला.

"नाही, तू मला पटवतोयस. त्यात फरक आहे."

आत्या हसली. ती बाबांची थोरली बहीण. बाबांच्या पहिल्या कंपनीत नायिका होती आणि एके दिवशी, का ते कुणालाच नीट न सांगता, तोंड धुऊन घरी आली होती ती कायमची. तेव्हापासून नाटकाबद्दल तिचं मत पक्कं होतं आणि ते ती रोज नव्याने मांडत असे.

"बारके, ऐक," दादा पुढे सरकला. "तू वाढलीस विंगेत. कपड्यांच्या पेटीत झोपायचीस तू. बाबांचं कुठलंही नाटक अर्ध्या झोपेत म्हणून दाखवशील. दुसरं कोण आहे? मला भाषणं येत नाहीत, मला विमानाची तिकिटं येतात."

"आणि गुंड्या?"

"प्रयोग काय रोज असतात?"

"मोसमात रोजच असतात," आत्या म्हणाली. "आणि तिकडं संध्याकाळ असते तेव्हा इथं काय असतं ते या बाईला विचार. सकाळी पोराला भरवायची वेळ असते."

दादाने कप खाली ठेवला. तो मोठा माणूस होता, दोन भाषांत करार करणारा, पण आता त्याचा आवाज लहान झाला. "तुला आई मिळाली, बारके. मला बाबा मिळाले ते तिकडंच. विमानतळावर. हॉटेलच्या नाश्त्याला. तालीम संपल्यावर बर्फातून चालत जाताना. ते इथं बसले की तुझे होणार. मी काय करू तिथं?"

हे त्याने कधी म्हटलं नव्हतं. बारकीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि रागही आला. खोटं बोलला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

बाबा खिडकीपासून उठले. "नुसतं बोलून काय होणार? करून बघू. बारके, तू आत बस. फोन लाव. मी इथं उभा राहतो. दुसऱ्या अंकापासून."

आत्याने गुंड्याला उचललं. "चल रे बाबा, आपण प्रेक्षक. आपल्याला टाळ्या तेवढ्या येतात."

*

खोलीत आईचा वास नव्हता. दुलयांचा होता, आणि जुन्या पेटीचा. बारकीने दार लावलं तसा बाहेरचा सगळा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा झाला. तिने कानात इयरफोनच्या तारा घातल्या आणि बाबांचा श्वास थेट तिच्या डोक्यात आला, इतका जवळ की ती दचकली. एवढ्या जवळून तिने वडिलांना कधी ऐकलं नव्हतं.

दादा समोरच्या नटाची वाक्यं कशीबशी वाचत होता. बाबांनी सुरुवात केली. पहिले दोन प्रवेश सुरळीत गेले. मग एका वाक्यानंतर ते थांबले.  बारकीने पटकन पुढचं वाक्य सांगितलं.

"अगं, तो पॉज होता," कानात बाबा पुटपुटले. "ती जागा माझी होती. तिथं मी थांबतोच."

"सॉरी."

"चालेल. पुढं."

पुढे ते पुन्हा थांबले. या वेळी तिने जिभेवर आलेलं वाक्य दातांखाली धरलं. थांबले आहेत, थांबू देत. बाहेर खुर्ची करकरली. दादाचा खाकरण्याचा आवाज आला. मग बाबांच्या श्वासात काहीतरी बारीकसं तुटल्यासारखं झालं आणि तिला उमगलं की ही जागा त्यांची नव्हती. ती घाईघाईने बोलली, त्यांनी वाक्य उचललं, आणि नाटक पुढे सरकलं. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याने उगाच जरा जास्त वेळ घेतला.

प्रवेश संपला तेव्हा दादा टाळ्या वाजवत होता. "होतंय की! बघितलंत? पहिल्याच दिवशी! सवयीनं जमेल सगळं."

बारकी बाहेर आली. बाबांच्या कपाळावर घाम होता, पण डोळे चमकत होते. विंगेतल्या नटाचे डोळे, आई म्हणायची. रंग लावण्याआधीच रंगलेले.

"इथं भिंतीआडून जमलं," आत्या म्हणाली. "तिथं लाइनवर आवाज पोचायला वेळ लागतो, त्याचं काय?"

"अर्धा श्वास," बाबा म्हणाले. "अर्धा श्वास उशिरा येतो. म्हणून तुझी आई वाक्य आधीच द्यायची."

"म्हणजे तुम्ही विसरायच्या आधी?" बारकीने विचारलं.

"हं."

"कसं कळायचं तिला? तुम्ही विसरणार आहात हे?"

बाबांनी खांदे उडवले. नटाचे खांदे नव्हते ते. साध्या, थकलेल्या माणसाचे होते. "तिला विचारायचं राहूनच गेलं."

*

स्वयंपाकघरात आत्याने नळ सोडला आणि सोडूनच ठेवला. ती काही खरं सांगणार असली की पाणी सोडते हे बारकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

"तुझ्या आईला डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं होतं."

"माहितीये. शेवटच्या महिन्यात."

"नाही. त्याच्या खूप आधी. तिकडचा मोसम सुरू होता तेव्हा. मी होते ना बरोबर. छातीत पाणी झालंय म्हणाले, आजच राहा. तर ही त्यांना म्हणते कशी, आज जमणार नाही, आज प्रयोग आहे. त्या बिचाऱ्याला वाटलं, ही नटी आहे." आत्याने कप विसळला, पालथा घातला, पुन्हा उचलून विसळला. "म्हणाली, एवढे प्रयोग संपू देत, मग तुम्ही म्हणाल ते. ते संपले तेव्हा तिचंही संपत आलं होतं."

बारकीने ओट्याची कड धरली. "आणि तू गप्प राहिलीस?"

"तिनं शपथ घातली. आणि खरं सांगू? गप्प राहणं एवढी एकच भूमिका मला या घरात नीट जमली. स्टेजवरसुद्धा नव्हती जमली." आत्याच्या आवाजात टोमणा होता, पण डोळ्यांत नव्हता. "तुला सांगणार नव्हते. पण तू त्या स्टुलावर बसलीस आणि मला तीच दिसली. तीच पाठ, तीच मान."

"बाबांना माहीत होतं?"

"डॉक्टरांचं? नसावं. तिनं नाही सांगितलं."

"आत्या, त्या खोलीत बसलं की माणसाचा श्वास ऐकू येतो. इतका," बारकीने हात कानाशी नेला. "मला त्यांचा येत होता. मग त्यांना तिचा?"

आत्याने नळ बंद केला.

बाहेर गुंड्या कॉटच्या कडेने चालत होता. कॉट संपली तिथे तो उभा राहिला आणि समोरच्या खुर्चीकडे बघू लागला. मध्ये मोकळी जमीन होती. बारकी धावणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. बघू काय करतो." गुंड्याने पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि मग धपकन बसला. रडला नाही, इकडेतिकडे बघून घेतलं, रडायला सोयीचं कुणी आहे का ते.

"हा नट होणार," दादा म्हणाला.

"खबरदार," आत्या म्हणाली, आणि सगळेच हसले. आई गेल्यापासून या घरात सगळे एकदम पहिल्यांदाच हसले होते. हसणं ओसरलं तेव्हा कुणी कुणाकडे बघेना.

दादाने घड्याळाकडे बघितलं. "त्यांचं ऑफिस उघडलं असेल आता. मी कळवून टाकू?"

"एकदा शेवटचं भाषण घेऊ," बारकी म्हणाली. "मग कळव."

"घेतलं ना मघाशी एवढं सगळं."

"शेवटचं राहिलं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या आवाजात काय होतं ते त्यांना ऐकू आलं असणार. पण ते उठले, खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि यंत्र कानात नीट बसवलं.

*

तिने दिवा लावला नाही. अंधारात स्टुलावर बसली. वडिलांचा श्वास पुन्हा तिच्या डोक्यात आला, संथ, भरदार. भाषणाला उतरण्याआधी ते असाच श्वास गोळा करत. हा श्वास तिने आयुष्यभर लांबून बघितला होता. ती जन्मली तेव्हा बाबा दुसऱ्या खंडावर म्हाताऱ्याचं काम करत होते, भुवयांना पांढरा रंग लावून. त्या म्हाताऱ्याचा फोटो आईने तिच्या पाळण्यावर लावला होता. आता रंग लावावा लागत नव्हता.

"बाबा," ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडे ते हलले नाहीत. कानातला आवाज ऐकून नटाने चेहरा बदलायचा नसतो.

"आईचा श्वास ऐकू येत होता तुम्हाला?"

बाहेरच्या खोलीत दादा आणि आत्या बघत होते. त्यांना फक्त एवढंच दिसलं असेल की बाबा सरळ उभे आहेत आणि खूप वेळाने म्हणताहेत, "येत होता."

"हे कुठल्या अंकातलं?" दादाचा आवाज दुलयांमधून अस्पष्ट आला. आत्याने त्याला गप्प केलं असावं.

"तो लागत होता, हे कळत होतं?"

"कळत होतं."

"मग?"

"विचारलं मी. मध्यंतरात विचारलं, एकदा नाही, रोज." बाबा मोठ्याने बोलत होते, खोलीला ऐकू जाईल असं, पण त्यात नाटक नव्हतं. "ती म्हणायची, तुम्ही वाक्यावर लक्ष द्या. मी वाक्यावर लक्ष दिलं."

बारकीने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. नाही म्हटलं असतं तर तिने दार उघडून बाहेर यावं, ओरडावं, आणि सगळं संपवावं असं तिने ठरवलं होतं. आता काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं.

बाहेर गुंड्या काहीतरी बडबडला.

"घ्या भाषण," ती म्हणाली.

बाबांनी सुरुवात केली. नाटकातला म्हातारा कित्येक वर्षांनी घरी येतो. मुलगा त्याला दारातच अडवून विचारतो की हे घर तुम्ही का बुडवलंत. आणि म्हातारा उंबऱ्यावर उभा राहून उत्तर देतो. बाबा बोलू लागले तशी बारकी विसरली की ती कुठे बसली आहे. आवाज खाली होता, पण त्याला तळ होता. घराचा रस्ता कसा सापडला, दार कसं छोटं वाटलं, कुत्र्याने कसं ओळखलं नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. म्हणजे येतंय की! तिला वाटलं, हे अजून येतंय, हे कुठे जाणार आहे?

आणि मग ते थांबले.

इथे पॉज नव्हता. इथे म्हाताऱ्याचं शेवटचं वाक्य होतं, ज्याच्यासाठी लोक उभे राहत, ज्याच्यानंतर दिवे जात.

वाक्य तिच्या तोंडात होतं. पूर्ण, सबंध. ओठ उघडले असते तरी पुरे होतं. आईने तर कधीच देऊन टाकलं असतं, अर्धा श्वास आधी, बाबांना विसरल्याचं कळायच्याही आत. आणि पलीकडे टाळ्या झाल्या असत्या, आणि ती या दुलयांमध्ये बसून छातीवर हात ठेवून त्या ऐकत राहिली असती.

बारकीने ओठ मिटून घेतले.

हा राग आहे, तिला वाटलं. मी आईचा वचपा काढतेय. मग वाटलं, राग असता तर मी केव्हाच दार उघडलं असतं. तिने दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली. कानात वडिलांचा श्वास वर आला, खाली गेला, वर आला. त्यांनी एकदा जीभ टाळ्याला लावली. पहिलं अक्षर शोधत होते. सापडलं नाही. ते वाट बघत होते. तिची नव्हे. ते कुणाची वाट बघत होते हे तिला त्या श्वासातून इतकं स्पष्ट ऐकू आलं की ती जवळजवळ बोललीच.

बोलली नाही.

"नाही येत गं," बाबा म्हणाले.

एवढंच. कुठल्याच स्टेजवर, कुठल्याच देशात त्यांनी हे कधी म्हटलं नसेल. मग कानात खरखर झाली, आणि काही नाही. त्यांनी यंत्र काढलं होतं.

*

ती बाहेर आली तेव्हा ते खुर्चीवर बसले होते, यंत्र तळहातावर धरून. दादा त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला होता.

"ती बोललीच नाही, बाबा. तिनं मुद्दाम केलं. बारके, तुला येत होतं ना? येत होतं ना तुला?"

"येत होतं."

"मग? काय मिळालं तुला?"

"तिला ओरडू नकोस," बाबा म्हणाले. "तिनं मला उभं राहू दिलं. तुझ्या आईनं एकदाही राहू दिलं नाही." त्यांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला, जरा अवघडून, सवय नसलेल्या माणसासारखा. "फोन कर त्यांना. सांग, म्हातारा थांबला. दुसरा कुणी बघा. नाटक बसवायला लागलं तर मी इथूनच सांगेन. आणि तू... तू ये मधूनमधून. नाश्त्याला ये."

दादाला हसू आलं आणि ते अर्ध्यात मोडलं. तो उठला, फोन घेऊन गॅलरीत गेला, आणि दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. जराशाने तो परक्या भाषेत बोलू लागला.

 आत्याने गुंड्याला कडेवर घेतलं आणि बारकीच्या पाठीवरून एकदाच हात फिरवला.

"काय होतं गं ते?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"शेवटचं वाक्य."

बारकी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "दिवा मी मालवला नव्हता. मी नुसता उठून गेलो. अंधार नंतर आपला आपण आला."

बाबा ऐकत राहिले. दुसऱ्याच्या नाटकाला गेल्यावर मागच्या रांगेत बसून ऐकतात तसे, मान किंचित कलती ठेवून.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं म्हणतोय. ऐकलं आज." मग म्हणाले, "पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं. 'नुसता'शी तिचा आवाज चढला.

"'नुसता'वर जोर देऊ नकोस. तो सबब सांगत नाहीये. झालं ते सांगतोय."

"दिवा मी मालवला नव्हता," ती म्हणाली. "मी नुसता उठून गेलो..."

"थांब. कुणाला सांगतोय तो?"

"मुलाला."

"मग माझ्याकडं काय बघतेस? मुलाकडं बघ."

बारकीने मान वळवली. काचेपलीकडे दादा पाठमोरा उभा होता, मान खाली घालून. ती त्या पाठीकडे बघत राहिली, आणि मग जोर न देता, सबब न सांगता, तिने वाक्य अथपासून इतिपर्यंत म्हटलं. या वेळी बाबांनी तिला थांबवलं नाही.

गॅलरीतलं बोलणं संपलं होतं. तरी दादाने फोन कानाशीच धरून ठेवला होता.